बाई, एलवाय कुठं लावायचं आणि कुठं नाही?

या वेळचं पत्र आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतून, कारखान्यांच्या वसाहतीतून आलंय. लिहिणारा सव्वीस वर्षांचा, एका फाउंड्रीत डिस्पॅचला बसतो, शाळा मराठी मिडियम, नंतर बीकॉम. नाव छापू नका म्हणालाय. पत्र लांब होतं, जरा कापून देते.

"बाई नमस्कार. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका कस्टमरचा माल लेट व्हायला लागला, त्यांचा मेल आला की स्टेटस कळवा. साहेब बाहेर होते म्हणून मीच उत्तर टाकलो, 'अवर टीम इज वर्किंग हार्डली ऑन युवर ऑर्डर'. दहा मिनिटात त्यांचं एका ओळीचं उत्तर, 'येस, वी हॅव नोटिस्ड'. मला वाटलं खूष झाले, मी साहेबांना फॉरवर्ड केलो. साहेबांनी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं न् सगळी हसायला लागली, मला अर्धा तास कळालंच नाही काय चुकलं ते. बाई, शाळेत शिकलो होतो की क्रियापदाबद्दल सांगायचं असलं तर ॲडव्हर्ब, न् ॲडव्हर्ब करायचं तर शब्दाच्या शेवटी एलवाय (ly). मी नियमानंच लावलो की. आता प्रत्येक मेलला हात थांबतोय. 'द कास्टिंग लुक्स गुड' का 'वेल'? 'डिलिव्हर फास्ट' का 'फास्टली'? घाटात बोर्ड असतोय 'गो स्लो', मग तो पण चुकीचाय का? एकदा काय ते नीट सांगा. कस्टमरला माफीचा मेल टाकू का ते पण सांगा."

अरे बाळा, खरं सांगते, पहिल्यांदा मी पण हसले, चहा सांडला थोडा. पण मग वाईट वाटलं, कारण तू नियम मोडला नाहीस, तू नियम पाळलास म्हणून फसलास, आणि तो नियम तुला आमच्यासारख्यांनीच दिलेला. एकतीस वर्षं मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली दहा-बारा वर्षं तरी फळ्यावर हेच लिहिलं असणार, क्रियापदाला ॲडव्हर्ब न् ॲडव्हर्बला एलवाय, पोरं पाठ करायची, पेपरात दोन मार्क पडायचे, विषय संपला. दोन मार्कांचा नियम आहे तो, त्याच्यावर मेल लिहायला जाऊ नये.

आधी हार्डलीचं मिटवू. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. 'आय हार्डली नो हिम' म्हणजे मी त्याला ओळखतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे तू गिऱ्हाईकाला कळवलंस की आमची माणसं तुमच्या ऑर्डरीवर नावाला काम करायलीत, न् माल लेट होताच, त्यावर तो म्हणाला होय, दिसायलंय की आम्हाला. माणूस चिडलेला नाही, विनोदी आहे, हे तुझं नशीब. पाहिजे होतं ते नुसतं 'वर्किंग हार्ड'. हार्ड हा एकच शब्द दोन्हीकडं राबतो, 'हार्ड वर्क' मध्ये विशेषण न् 'वर्क हार्ड' मध्ये क्रियाविशेषण, त्याला एलवायचं शेपूट लावायला लागत नाही. आणि गंमत बघ, फार पूर्वी हार्डलीचा अर्थ खरंच 'कष्टानं, मुश्किलीनं' असा होता. मग मुश्किलीनं होतंय म्हणजे जेमतेम होतंय, जेमतेम होतंय म्हणजे होतच नाही, असं घसरत घसरत ते आजच्या अर्थाला आलं. आपल्या मुश्किलीनंचं पण तेच की, 'मुश्किलीनं दहा माणसं आली असतील' म्हणतो तेव्हा त्यात कष्ट कुठं असतात?

आता मूळ दुखण्याकडं येते. एलवाय थोडा वेळ विसर. शेपूट बघून शब्द कोण ते ठरत नाही, तो वाक्यात कुणाबद्दल बोलायलाय त्यावर ठरतं. माणसाबद्दल, वस्तूबद्दल, म्हणजे नामाबद्दल बोलत असला तर ॲडजेक्टिव्ह, आपलं विशेषण. काम कसं झालं, कधी झालं, कुठं, किती, असं क्रियेबद्दल बोलत असला तर ॲडव्हर्ब, क्रियाविशेषण. एवढं तुला माहीतच आहे, सातवीतल्या पोराला पण माहीत असतं, तरी चुकतं. का चुकतं यावर मी बरीच वर्षं डोकं खाजवलं न् माझं म्हणणं असं की आपण मराठीत विचार करतो म्हणून चुकतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बघ, 'ती सुंदर मुलगी आहे' आणि 'ती सुंदर गाते'. एकदा मुलीबद्दल, एकदा गाण्याबद्दल, शब्द जसाच्या तसा. छान, मस्त, वाईट, सगळे याच पंगतीतले. म्हणून पोरं 'शी सिंग्ज ब्युटिफुल' लिहून मोकळी होतात न् आपलं चुकलंय असं त्यांना वाटत पण नाही. त्याहून नाठाळ म्हणजे चांगला. तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते, पोरं चांगली खेळतात. सांगायलोय आपण खेळ कसा ते, न् शब्द मात्र खेळणारा कोण ते बघून रूप बदलायलाय, अगदी विशेषणासारखा. मग मराठी डोकं म्हणणारच की चांगला हा त्या माणसाचा गुण, म्हणून 'ही प्लेज गुड'. इंग्रजीला ते पटत नाही, त्याच्या हिशेबानं खेळाडू गुड असतो पण खेळतो मात्र वेल. (रूपावरून आठवलं, आपल्याकडं बायका पण 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, लिहिताना मी सांभाळते पण घरात अजून तसंच बोलते, पुण्याला नणंदेकडं गेले की सगळी कान टवकारून बसतात. असो.)

हां, मराठीत सगळीकडंच असा घोळ आहे असं नाही. माणूस प्रामाणिक, पण सांगितलं ते प्रामाणिकपणे. तपासायचं काळजीपूर्वक, ओढायचं जोरात, बोलायचं रागानं. असा पणे, पूर्वक, नं, आत लागलेला शब्द डोक्यात आला की बिनधास्त ॲडव्हर्ब कर, 'चेक केअरफुली', 'स्पोक अँग्रिली', तिथं सहसा कुणी चुकत नाही. माती खातो आपण ती छान, मस्त, चांगला, वाईट या चौकडीत.

या चौकडीवर इलाज मला कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात नाही मिळाला, वर्गात मिळाला. नववीत एक पोरगा होता, आई आपल्यातली, वडील बैलहोंगलकडचे, घरात कन्नड, पण आजोळी राहून मराठी शाळेत शिकायचा. मी फळ्यावर पंधरा वाक्यं लिहिली होती, गाळलेल्या जागी 'क्लिअर' घालायचं का 'क्लिअरली', 'ब्युटिफुल' का 'ब्युटिफुली', असलं. बाकीची पोरं पेनाची टोपणं चावत बसलेली न् हा पाच मिनिटात वही घेऊन पुढं, पंधराच्या पंधरा बरोबर. मला वाटलं शेजारच्याचं बघितलं असेल, शेजारच्याची वही बघितली तर त्याची चार बरोबर. विचारलं, कसं काय रे? तर खाली बघत म्हणाला, "बाई, वाद आलं की साधं, वागि आलं की एलवाय."

मी त्याला परत बोलायला लावलं, मग लक्षात आलं. कन्नडमध्ये 'स्पष्टवाद उत्तर' म्हणजे स्पष्ट उत्तर, आणि 'स्पष्टवागि हेळु' म्हणजे स्पष्ट सांग. 'सुंदरवाद हूवु' म्हणजे सुंदर फूल, 'सुंदरवागि हाडुत्ताळे' म्हणजे सुंदर गाते. मराठीत चारही ठिकाणी स्पष्ट न् सुंदर तसेच राहिले, कन्नडनं मात्र नामाच्या पुढं वाद लावलं, क्रियेच्या पुढं वागि लावलं, आणि गाणारा बाप्या आहे का बाई याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. म्हणजे इंग्रजीला जो फरक पाहिजे तो फरक शेजारच्या भाषेत आधीच करून ठेवलेला. न् तो कुठं लपलेला पण नाही, 'निधानवागि चलिसि' हे आपण रस्त्यावर किती वेळा वाचलंय, सावकाश चालवा. आपल्याकडं बोर्डावर कुठली अक्षरं वर न् कुठली खाली यावरून काय काय झालंय ते तुला सांगायला नको, तरुणपणी मी पण त्यात होते न् हट्टानं कन्नड ओळ वाचायची नाही असं करायचे, न् त्या ओळीत माझ्याच विषयाचं व्याकरण फुकट लिहून ठेवलेलं.

तर अडलं की वाक्य मनातल्या मनात कन्नडमध्ये कर. तुला येतंच असणार, उद्यमबागेत त्याशिवाय दिवस कसा जाईल. 'ही प्लेज' पुढं गुड का वेल? चन्नागि आडुत्ताने, म्हणजे छान खेळतो, वागिमधलंच आगि आलं, म्हणून वेल. बाईनी समजावलं छान, चन्नागि हेळिदरु, म्हणून 'शी एक्स्प्लेन्ड इट वेल'. एक लक्षात ठेव, हे मी पुस्तकी कन्नडचं सांगायलीय, बोर्डावरच्या न् बातम्यातल्या. आपल्या भागातल्या बोलीत सगळीकडं 'छलो'च चालतंय, ऊट म्हणजे जेवण पण छलो न् हाडणं म्हणजे गाणं पण छलो, तिथं बोलीचा उपयोग नाही, ते आपल्या छानसारखंच झालं. शिवाय 'बेग बा', म्हणजे लवकर ये, यातल्या बेगला कसलंच वागि नाही. म्हणजे ही युक्ती आहे, कायदा नाही.

आणि ही युक्ती उलटते कुठं ते त्याच पोरानं सहामाहीच्या पेपरात दाखवलं. सहलीवर निबंध होता न् त्यानं लिहिलेलं, 'द फूड वॉज नाइसली'. लाल पेन टेकवलं न् थांबले. चूक त्याची नव्हतीच, वागि आलं की एलवाय हे त्यानं इमानदारीत पाळलं होतं, तुझ्यासारखंच. कारण कन्नडमध्ये 'जेवण छान होतं' हे पण 'ऊट चन्नागित्तु' असंच म्हणायचं, 'ती सुंदर आहे' हे पण 'सुंदरवागिद्दाळे'. आहे, होती यांच्या आधी पण आगि येतं. इथं मात्र मराठी बरोबर निघते! जेवण छान आहे, ती सुंदर आहे, साधं विशेषण, न् इंग्रजीचं पण तसंच, 'द फूड इज नाइस', 'शी इज ब्युटिफुल'. तेव्हापासून मी वर्गात असं सांगायला लागले की वाक्यात खरीखुरी क्रिया असली तर कन्नडला विचारा न् नुसतं 'आहे' असलं तर मराठीला विचारा. बाकीच्यांना एकच शेजारीण, आपल्याला दोन, मग एकीकडं साखर नाही मिळाली तर दुसरीकडं जायचं.

आता तुझं 'लुक्स गुड' इथंच सुटतं. इंग्रजीत काही क्रियापदं अशी आहेत की ती दिसायला क्रियापदं पण आतून नुसती 'आहे'. लुक, फील, साउंड, स्मेल, टेस्ट, सीम, बिकम, ही त्यातली नेहमीची. ओळखायचं कसं? त्या जागी 'इज' घालून बघ. 'द कास्टिंग लुक्स गुड' मधलं लुक्स काढून 'द कास्टिंग इज गुड' केलं, अर्थ टिकला, म्हणजे लुक्स इथं आहेचं काम करायलाय, म्हणून गुड बरोबर, वेल नको. आपली बेळगावची मिठाई, कुंदा, तोंडात टाकलास न् 'धिस टेस्ट्स स्वीट', कुंदा गोड आहे, टिकलं. पण 'ही टेस्टेड द कुंदा स्लोली', तिथं तो खरोखर चव घ्यायलाय, इज घालून बघितलं तर तो माणूसच कुंदा होऊन बसतो, अर्थ मोडला, म्हणून ॲडव्हर्ब. म्हणजे एकच क्रियापद कधी आहे असतं न् कधी क्रिया असते. तुझ्या साहेबांचंच घे. 'द मॅनेजर लुक्ड अँग्री', साहेब रागावलेले दिसले, राग साहेबांचा. 'द मॅनेजर लुक्ड अँग्रिली ॲट मी', साहेबांनी माझ्याकडं रागानं बघितलं, आता बघणं ही क्रिया झाली. तुझ्या बाबतीत दोन्ही घडलं असणार. (आणि चहाच्या वेळी चारचौघात वाचून दाखवलं ते मला नाही आवडलं, बाजूला बोलावून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मेल तर त्यांनी पण तपासला नव्हता.)

तुझ्या वर्कशॉपातली एक गोष्ट सांगते, कारण पुस्तकात ती कोपऱ्यात पडलेली असते न् तुला रोज लागणार. 'द मशीन रन्स स्मूथली' बरोबर, चालणं कसं, तर सुरळीत. पण 'वी फाइल्ड द एज स्मूथ' हे पण बरोबर! इथं स्मूथली नको. का, तर गुळगुळीत झाली ती कड, घासणं नव्हे. घासणारा दात ओठ खाऊन घासत असेल, शेवटी कड गुळगुळीत झाली हे सांगायचंय. 'ग्राउंड फ्लॅट' म्हणतात तेव्हा तेच, ग्राइंडिंग करून तो फेस सपाट झाला. आपण म्हणतो बघ, 'दार हिरवं रंगवलं', हिरवं झालं ते दार, रंगवणं काही हिरवं नसतंय. 'भिंत पांढरी केली' मध्ये पण भिंत स्त्रीलिंगी म्हणून पांढरी, मराठीनं बरोबर नामाशी गाठ बांधली. अशा वाक्यात मराठीवर विश्वास ठेव.

आता आलं शेपूट. एलवाय हे मुळात काय आहे ते कळलं की अर्धी भीती जाते. जुन्या इंग्रजीत ही दोन शेपटं होती, एक विशेषण करणारं न् एक क्रियाविशेषण करणारं, दुसऱ्याला शेवटी एक स्वर जास्त. दोन्हींच्या मुळाशी शरीर, रूप अशा अर्थाचा शब्द, आजचा 'लाइक' पण त्याच घरातला. बोलता बोलता शेवटचा स्वर झिजून गेला न् दोन्ही शेपटं दिसायला एक झाली. म्हणून आज 'फ्रेंडली' पण एलवाय न् 'क्विकली' पण एलवाय, पण फ्रेंडली म्हणजे मित्रासारखा, ते विशेषण. बघायचं ते शेपटाकडं नव्हे, शेपूट कापल्यावर काय उरतं त्याकडं. मागं नाम उरलं, फ्रेंड, लव्ह, कॉस्ट, टाइम, कॉवर्ड, तर बहुतेक ॲडजेक्टिव्ह, म्हणजे फ्रेंडली, लव्हली, कॉस्टली, टाइमली, कॉवर्डली. मागं विशेषण उरलं, क्विक, स्लो, केअरफुल, टाइट, तर बहुतेक ॲडव्हर्ब. अग्ली न् सिली कापायला गेलास तर हातात काहीच येत नाही, ती विशेषणं म्हणूनच लक्षात ठेवायची. लोनली, एल्डरली, लाइकली पण विशेषणंच. न् डेली, वीकली, मंथली दोन्हीकडं चालतात, 'डेली रिपोर्ट' पण न् 'वी डिस्पॅच डेली' पण.

यातलं टाइमली तुझ्या धंद्यातलं. 'टाइमली डिलिव्हरी' लिही, झकास. पण 'वी विल डिलिव्हर टाइमली' लिहू नको, मी आपल्या भागातल्या किती लेटरहेडवर हे बघितलंय, तिथं 'ऑन टाइम' पाहिजे. तसंच 'ही स्पोक फ्रेंडली' नाही होत, 'इन अ फ्रेंडली वे' असा वळसा घ्यायला लागतो. इंग्रज फ्रेंडलिली म्हणायला गेला असता तर त्याची पण जीभ अडकली असती.

मग बिनशेपटाचे. फास्टली नावाचा शब्द आज कुणी वापरत नाही, 'डिलिव्हर फास्ट' म्हणायचं, प्रश्न मिटला. फास्ट, हार्ड, लेट, अर्ली, स्ट्रेट, हाय, लो, लाँग, ही मंडळी दोन्हीकडं तशीच जातात. यातल्या फास्ट न् हार्डचं कारण पण तेच झिजणं, जुन्या काळी यांच्या क्रियाविशेषणाला शेवटी नुसता एक छोटा स्वर असायचा, तो गळाला न् दोन्ही रूपं एक झाली. आणि यातल्या काहींना तू जबरदस्तीनं एलवाय लावलास तर ती रागावून दुसराच अर्थ देतात, हार्डलीनं तुला दिला तसा. 'द ट्रक केम लेट' म्हणजे ट्रक उशिरा आला, पण लेटली म्हणजे अलीकडं, हल्ली. 'द ट्रक इज निअर कोल्हापूर' म्हणजे कोल्हापूरजवळ आहे, न् 'द ट्रक हॅज निअरली रीच्ड' म्हणजे पोचलाच जवळजवळ. हाय म्हणजे उंच, हायली म्हणजे फार, 'हायली पॉलिश्ड'. शॉर्टली म्हणजे थोड्याच वेळात. गिऱ्हाईकाला 'द ट्रक विल कम लेटली' लिहिलंस तर तो परत नोटिस्ड म्हणेल बघ.

घाटातला 'गो स्लो' चुकीचा नाही. स्लो हा शब्द क्रियाविशेषण म्हणून इंग्रजीत शतकानुशतकं चालत आलाय, विशेषतः अशा आखूड हुकमात. चोर्ल्याच्या वळणावर ब्रेक दाबत असताना एलवाय वाचायला वेळ कुणाला आहे? पण मेलमध्ये, अर्जात, परीक्षेत स्लोलीच लिही, तिथं स्लो लिहिलंस तर गबाळं दिसतं. तसंच पिक्चरमध्ये अमेरिकन लोक 'रिअल गुड' म्हणतात ते ऐकायचं न् सोडून द्यायचं, लिहायचं 'रिअली गुड'. कारण ॲडव्हर्ब नुसता क्रियेलाच चिकटत नाही, विशेषणाला पण चिकटतो, किती गुड ते सांगायला. तुला हे लागणार ते 'बॅडली डॅमेज्ड' ला, पेट्या फुटून परत आल्या की 'बॅड डॅमेज्ड' लिहितात सगळे. डॅमेज्ड किती? बॅडली.

एक वेलचं राहिलं. वेल हा गुडचा ॲडव्हर्ब हे खरं, पण तब्येतीबद्दल बोलताना तो स्वतःच विशेषण होतो, 'आय ॲम वेल' म्हणजे मी बरा आहे, धडधाकट आहे. 'आय ॲम गुड' असं आता पोरं सर्रास म्हणतात, माझ्या कानाला अजून खुपतं पण मी भांडत नाही. न् वाईट वाटलं तर 'आय फील बॅड', बॅडली नको, फील म्हणजे आहेच की.

माफीचा मेल मुळीच टाकू नको. महिना झाला, त्या माणसाला तो विनोद वाटला होता, आता माफी मागून त्याला कशाला आठवण करून देतोस. माल भर, पॅकिंग स्वतः उभा राहून बघ, न् गाडी सुटली की हे लिहून पाठव, 'युवर ऑर्डर लेफ्ट अर्ली धिस मॉर्निंग. एव्हरी पीस वॉज केअरफुली चेक्ड अँड टाइटली पॅक्ड. इट शुड रीच यू बाय टुमॉरो मॉर्निंग.' यात अर्लीला काय म्हणायचं न् टाइटलीला काय म्हणायचं ते आता तुझं तू ठरव, पाठवायच्या आधी साहेबांना दाखव म्हणजे चहाच्या वेळेला त्यांच्याकडं वाचायला काही उरणार नाही. आणि माणूस विनोदी आहे असं तुला पण वाटत असलं तर खाली एक ओळ वाढव, 'वी वर्क्ड हार्ड ऑन इट, धिस टाइम विदाउट द एलवाय'. काय उत्तर येतंय ते मला कळव.